तुरुंगातल्या आणि रिमांड होममधल्या कामासाठी काय शिकावं: एमएसडब्ल्यू, एलएलबी की आणखी काही?

बारावी झालेले किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले अनेक विद्यार्थी विचारतात, की तुरुंगातल्या बंद्यांसोबत किंवा रिमांड होममधल्या मुलांसोबत काम करायचं तर शिकायचं काय. बहुतेकांना ‘क्रिमिनॉलॉजी कर’ एवढंच उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात टिकून काम करायचं तर खरी निवड समाजकार्य (एमएसडब्ल्यू ही त्यातली पदव्युत्तर पदवी) आणि कायदा (एलएलबी) या दोहोंत आहे. बाकीच्या वाटा काही जणांसाठी उत्तम आहेत, पण त्या वेगळ्या दारातून आत जातात.

हा फरक एका प्रकरणातून नीट कळतो. समजा, सोळा वर्षांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतलं. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्या दोघांत एक तरी स्त्री असते. मंडळ परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवतं. मग कुणीतरी त्या मुलाच्या वस्तीत जातं, आईशी, शेजाऱ्यांशी, शाळेतल्या बाईंशी बोलतं. शाळा कधी सुटली, का सुटली, घरात कमावतं कोण, पोरगा कुणाच्या संगतीत असतो, त्याला परत घरी पाठवलं तर सांभाळायला कोण आहे, हे सगळं त्या अहवालात यावं लागतं. मुलगा समज देऊन घरी जाणार, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली घरीच, राहणार की विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या निवासी संस्थेत) जाणार, याचा निर्णय घेताना मंडळ तो अहवाल समोर ठेवतं.

असा अहवाल नीट लिहिणं ही शिकण्याचीच गोष्ट आहे, आणि ती शिकवणारा अभ्यासक्रम एमएसडब्ल्यू आहे. दोन वर्षांच्या या पदवीत आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याचे (फील्डवर्कचे) असतात. माझ्या मते या पदवीचं निम्म्याहून अधिक मोल त्या दोन दिवसांत आहे. मुंबईत देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) 1936 मध्ये सुरू झाली. तिथे गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि 1990 पासून चालणारा ‘प्रयास’ हा तिचा क्षेत्रीय प्रकल्प तुरुंगांत आणि पोलिस कोठडीत अडकलेल्या माणसांसोबत काम करतो. मुंबईचं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था इथेही एमएसडब्ल्यू होते. टिसमध्ये प्रवेश मिळाला नाही म्हणून वाट बंद झाली असं समजू नका. मात्र कॉलेज कुठलंही असो, एक प्रश्न प्रवेशाआधीच विचारा: गेल्या वर्षी क्षेत्रकार्याला विद्यार्थी कुठे पाठवले? कारागृह, निरीक्षणगृह (रिमांड होमचं अधिकृत नाव) किंवा बाल न्याय मंडळ यांपैकी एकाचंही नाव आलं नाही, तर गुणपत्रिकेवरच्या विशेषीकरणाला फारसा अर्थ उरत नाही.

आता त्याच मुलाकडे वकिलाच्या बाजूने पाहू. जामीन मागणं, वयाचा वाद उपटला तर शाळेचा दाखला पुढे करणं, गुन्हा खरोखर ‘निर्घृण’ (किमान सात वर्षांच्या शिक्षेचा) या वर्गात बसतो का यावर युक्तिवाद करणं, हे एलएलबीवाल्याचं काम. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, दोन्हींसाठी राज्याची सीईटी आहे. इथे एक उणीव आहे. बाल न्याय कायदा आणि 1958 चा परिविक्षा कायदा हे बऱ्याच विद्यापीठांत दंड प्रक्रियेच्या पेपरलाच जोडलेले असतात आणि परीक्षेच्या घाईत मागे पडतात. ते स्वतः वाचून काढावे लागतात.

पण कायद्याच्या हातात जोर आहे, विशेषतः मोठ्यांच्या तुरुंगात. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेची वाट मोकळी होते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना ही सवलत नाही. कोण या निकषात बसतो हे शोधून अर्ज करणारा वकील लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात (गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) तरुण वकिलांना हे काम करता येतं.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही, घरच्यांना निरोपच पोचलेला नसतो. अशांसाठी केंद्राने 2023 मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद तेव्हा त्यात होती. पण बिहारमधलं त्याचं घर शोधून काढणं, पुतण्याला फोन करणं, कागद जमवणं हे पुन्हा समाजकार्यकर्त्याकडेच येतं. म्हणून मी दोन पदव्यांना प्रतिस्पर्धी मानत नाही. प्रश्न आधी कोणती, एवढाच.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याला महिना 27,804 रुपये आणि सामाजिक कार्यकर्त्याला 18,536 रुपये मानधन ठरवलेलं आहे, आणि ही पदं कराराची. पहिल्या पदाला कायद्याची पदवी लागते. महिला व बालविकास विभागातल्या कायम पदांची भरती रोज निघत नाही. मुंबई-पुण्यात भाडं भरून या मानधनात राहणं कठीण आहे, हे घरी आधीच बोलून घ्या.

ज्यांना कायम नोकरी हवी आणि शिस्तीचं काम मानवतं, त्यांच्यासाठी गणवेश आहे. कारागृह शिपाई बारावीनंतर, तुरुंगाधिकारी कुठल्याही पदवीनंतर, सोबत शारीरिक चाचणी. तुरुंगाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण येरवड्याला होतं. इथे सुरक्षा पहिली, सुधारणा नंतर. तरीही बंद्याच्या रोजच्या जगण्यावर सर्वाधिक परिणाम याच माणसाचा होतो: संचित रजेचा (फर्लोचा) अर्ज पुढे जातो की नाही, भेटीला आलेल्या आईशी कसं बोललं जातं. 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली, बंदी तिथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. ती आजही आहे. असा विचार बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांची खात्याला फार गरज आहे.

मानसशास्त्राची मागणी वाढते आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 15 खाली त्याचं प्राथमिक मूल्यमापन होतं, आणि मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. एमएवर थांबू नका, चिकित्सा मानसशास्त्राचं पुढचं प्रशिक्षण घ्या.

राहिली क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आता गोव्यातही आहे, त्यामुळे कोकणातल्या मुलांना ते जवळ पडतं. पुरावे, प्रयोगशाळा, सायबर तपास यांची ओढ असेल तर जरूर जा. मुलांसोबत बसायची ओढ असेल तर ही वाट नाही.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. बाल न्याय मंडळाचं सदस्य व्हायला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षं सक्रिय असावं लागतं, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतली पदवी घेऊन व्यवसाय करत असावं लागतं. या यादीत समाजकार्याचं नाव नाही. एमएसडब्ल्यूवाल्याला त्या खुर्चीपर्यंत कामाच्या वर्षांनीच पोचावं लागतं.

म्हणून माझा सल्ला असा: आत्ता बारावीत असाल तर समाजकार्य किंवा समाजशास्त्राची पदवी, मग एमएसडब्ल्यू, दोनेक वर्षं काम, आणि त्यानंतर तीन वर्षांची एलएलबी. वादविवाद आवडत असेल आणि घरची ओढाताण असेल तर क्रम उलटा करा, आधी कायदा. पदवीच्या काळातच विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं का ते विचारा. आणि क्षेत्रकार्याला लागलात तर पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा, मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीही कुठे टाकायचं नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे तो गुन्हा आहे.