अंदमानला स्कुबा करायला निघालेल्या सांगलीकरांनो, पैसे भरण्याआधी हे वाचा

अंदमानला जायचं आणि तिथं स्कुबा करायचं, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून समुद्राखाली उतरायचं, असं सांगली-मिरजेतल्या बऱ्याच घरांत हल्ली ठरतं. त्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, ज्याच्या हातात पैसे देणार आहात त्याला आधी विचारा, "हॅवलॉक बेटावर आम्हाला कुठल्या डाईव्ह सेंटरवर नेणार? त्याचं नाव सांगा. आणि आमची डाईव्ह कोणत्या तारखेला, किती वाजता?" याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. आमचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या माणसानं चार पैशांसाठी आमचा जीव धोक्यात घातला, याचा संताप अजून जात नाही.

एजंट सांगलीतलाच आहे. प्रकरण आता ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही. ऑफिस आहे, बोर्ड आहे, आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी त्याच्याबरोबर काशीयात्रा केली होती आणि ती व्यवस्थित झाली होती. आम्ही सहाजण होतो. मी, आमचे हे, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, दीर, जाऊबाई आणि तेरा वर्षांची पुतणी. सुट्टी थोडीच मिळाली होती, म्हणून सगळं आधीच ठरवून जायचं होतं. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पत्रक माझ्याकडे आजही आहे. माणशी 7,500 रुपयांत दोन बोट डाईव्ह, बारा मीटरपर्यंत खोली, व्हिडिओ मोफत. मुलासाठी वेगळे 22,000 रुपये घेऊन "इंटरनॅशनल डायव्हर सर्टिफिकेट". सोबत डिक्सन्स पिनॅकलचे फोटो.

आता त्या पत्रकातलं खोटं एकेक करून सांगते, कारण असंच पत्रक तुमच्याही फोनवर येईल.

डिक्सन्स पिनॅकल ही खोल जागा आहे आणि ती सराईत डायव्हरसाठी आहे. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, तो जगभरचा नियम आहे. म्हणजे जे फोटो दाखवून आमच्याकडून पैसे घेतले, तिथं आम्हाला नेता येणारच नव्हतं. यादीत "हॅवलॉक" आणि "स्वराज द्वीप" अशी दोन ठिकाणं दोन वेगळ्या दिवशी मांडली होती. हे एकच बेट आहे, 2018 च्या डिसेंबरात त्याचं नाव बदललं. एका दिवसाचे पैसे तिथंच वाढवले होते.

हॅवलॉकला उतरल्यावर जेट्टीवर जो माणूस घ्यायला आला तो कुठल्याच सेंटरचा नव्हता. तो स्थानिक दलाल. सांगलीच्या एजंटानं कुठेही बुकिंग केलेलंच नव्हतं, या दलालाला माणशी 2,000 रुपये पाठवून "बघून घ्या" म्हणून सांगितलं होतं. हे त्या दलालानंच पुढं भांडणात बोलून दाखवलं. बोट आली नाही. "आज समुद्र खराब आहे" म्हणाला. समोर दुसऱ्या सेंटरच्या बोटी भरून जात होत्या.

आम्हाला किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात नेलं. किनाऱ्यावरून केलेली डाईव्ह वाईट नसते, हेही सांगायला हवं. हॅवलॉकला नेमो रीफ किनाऱ्यालगत आहे आणि शिकाऊ माणसांना तिथं नेतात, ती जागा सुंदर आहे. पण बोट डाईव्हचे पैसे घेऊन किनाऱ्यावरची डाईव्ह देणं ही चोरी आहे. त्यातही पाण्याखाली अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळायला हवा होता, तिथं आम्हाला दहा मिनिटांत वर काढलं. एक इन्स्ट्रक्टर आमच्यातल्या दोघा-तिघांना एकदम धरत होता. चांगल्या सेंटरवर नवख्या माणसामागे बहुतेक वेळा एक इन्स्ट्रक्टर असतो.

पण सगळ्यात गंभीर गोष्ट पुढची आहे. उतरण्याआधी जी माहिती द्यायची असते ती दोन मिनिटांत उरकली. अंगठा वर म्हणजे वर चला, बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक, बस. आमचे हे आणि दीर दोघंही कृष्णेत पोहून मोठे झाले आहेत. घाटावरून सूर मारायचा, श्वास कोंडून तळ गाठायचा, ही लहानपणापासूनची सवय. स्कुबामध्ये नेमकं तेच करायचं नसतं. सिलिंडरमधली हवा तुम्ही खोलीवरच्या दाबानं घेता. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. श्वास कोंडून वर आलात तर छातीतली ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास कधीही रोखायचा नाही, सतत घेत आणि सोडत राहायचं, हा स्कुबाचा पहिला नियम आहे. तो आम्हाला कुणी सांगितलाच नाही. पाणी उथळ होतं म्हणून निभावलं, असंही म्हणवत नाही, कारण फार खोल नसलेल्या पाण्यातही हा धोका असतोच. पट्टीचे पोहणारे असाल तर हे आवर्जून लक्षात ठेवा. कानाचंही तसंच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकलायची, आणि तीही कान दुखायच्या आधी. पुतणीला हे कुणी दाखवलं नाही. तिचा कान पुढं कितीतरी दिवस ठणकत होता.

जाऊबाईंना दमा आहे. सांगलीत मी एजंटाला हे स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, "काय टेन्शन घेऊ नका ताई, आपलीच माणसं हायत तिथं. दमा असला तरी चालतंय, इनहेलर जवळ ठेवा." किनाऱ्यावर त्यांच्या हातात आरोग्याचा फॉर्म दिला. दम्याच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, तर दलाल म्हणाला, "सब में नो लिख दो मॅडम, फॉर्मॅलिटी है." जाऊबाई धीराच्या बाई आहेत. त्यांनी खरं तेच लिहिलं आणि पाण्यात उतरायला नकार दिला. त्या फॉर्मला फार मोठा अर्थ आहे. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं किंवा फुप्फुसाचं ऑपरेशन, गरोदरपण, अशा गोष्टी असतील तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय चांगलं सेंटर तुम्हाला पाण्यात नेत नाही. कुणी "नो लिहा" म्हणालं की तिथून उठा. जाऊबाईंचे 7,500 रुपये "त्यांनीच नकार दिला" म्हणून बुडवले.

मुलाचा कोर्स हा तर सरळ दरोडा होता. खरं सर्टिफिकेट ज्यातून मिळतं तो ओपन वॉटर कोर्स म्हणजे आधी अभ्यास आणि परीक्षा, मग उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाईव्ह. याला साधारण तीन ते चार दिवस लागतात. तो पूर्ण झाला की अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर डाईव्ह करायची मुभा मिळते आणि तुमची नोंद पॅडी किंवा एसएसआयसारख्या स्कुबाचं प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे होते. आमच्या मुलाला किनाऱ्यावरची तीच दहा मिनिटं मिळाली आणि संध्याकाळी लॅमिनेट केलेला कागद. त्यावर "सर्टिफाईड डायव्हर" असं मोठ्या अक्षरात, पण नंबर नाही, संस्था नाही, इन्स्ट्रक्टरचं नाव नाही. हा कागद खरा समजून एखादा मुलगा दुसरीकडे अठरा मीटरवर उतरला तर काय होईल, याचा विचारच करवत नाही. थोड्या दिवसांच्या ट्रिपमध्ये पूर्ण कोर्स बसवून देतो असं कुणी म्हणालं तर रोजचं वेळापत्रक मागा. आणि इन्स्ट्रक्टरचा नंबर घ्या. पॅडीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून तपासता येतो, सेंटर नोंदलेलं आहे का तेही तिथं दिसतं.

राहिलेली दुसरी डाईव्ह दलालानं कुठं ढकलली, तर आम्ही निघणार त्या सकाळी. सात वाजता डाईव्ह, मग फेरीबोटीनं पोर्ट ब्लेअर, आणि दुपारी चेन्नईचं विमान. तेच पोर्ट ब्लेअर, 2024 पासून श्री विजयपुरम. आम्हाला यात काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी मुलगा शेजारच्या एका सेंटरवर सहज चौकशीला गेला आणि तिथल्या इन्स्ट्रक्टर बाईंनी हे ऐकून त्याला बसवूनच घेतलं. त्यांनी जे समजावलं ते मी जसंच्या तसं सांगते. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. त्या आधीच दाब एकदम कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीसारखा नसतो. साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी उंच गेल्यासारखं. म्हणून एकच डाईव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान 18 तास जायलाच हवेत. बहुतेक जण पूर्ण 24 तास सोडतात.

आम्ही दलालाला हे सांगितलं. "कुछ नहीं होता, सब करते हैं." सांगलीला फोन लावला. एजंट म्हणाला, "ताई, एवढं घाबरून कसं चालंल?" आम्ही डाईव्ह केली नाही. त्याचेही पैसे "तुमच्या इच्छेनं रद्द" असं म्हणून बुडवले. वर मोफत म्हटलेल्या व्हिडिओचे माणशी 1,000 रुपये मागत होता. पैसे दिल्याशिवाय व्हिडिओ देईना. तो आम्ही घेतला नाही.

मला यातून एक गोष्ट फार ठळक दिसली. या लोकांचं सगळं भांडवल म्हणजे तुमच्याकडे नसलेला वेळ. फेरीचं तिकीट काढलेलं असतं, विमान ठरलेलं असतं, पोरं समुद्राकडे बघत उभी असतात, भांडायला आणि दुसरीकडे जायला सवडच नसते. म्हणून वेळापत्रक घरातून निघण्याआधी तुम्ही स्वतः मांडा. अंदमानात उतरल्या दिवशी जमलं तर लगेच हॅवलॉकची फेरी धरा. खाजगी फेरी दीड-दोन तासांत नेते, सरकारी थोडी जास्त वेळ घेते. स्कुबा दुसऱ्याच सकाळी ठेवा, म्हणजे हवामान बिघडलं तर तिसरा दिवस हातात राहतो. राधानगर किनारा त्यानंतर. पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल शेवटी ठेवा. त्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेले बाबाराव सावरकर 1945 मध्ये आपल्या सांगलीतच गेले, तेव्हा सांगलीकरानं तिथं अर्धा दिवस तरी द्यावाच. म्हणजे डाईव्ह नसलेला कोरडा दिवस विमानाआधी आपोआप मिळतो. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, स्वस्त पॅकेज देतात त्याला भुलू नका, त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्याही रद्द होतात.

आणि स्कुबाचे पैसे पॅकेजमध्ये घालूच नका. हॉटेल, विमान एजंटाकडून घ्या हवं तर. डाईव्ह सेंटरशी स्वतः बोला, थोडी आगाऊ रक्कम त्यांच्याच खात्यावर भरा, हवामानामुळे रद्द झालं तर परतावा कसा ते लिहून घ्या.

परत आल्यावर एजंटानं आधी फोन उचलले नाहीत, मग "तिकडच्या पार्टीनं फसवलं, मी काय करू" म्हणाला. पैसे त्यानं घेतले, पावती त्याची, तेव्हा जबाबदारी त्याचीच. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली, लेखी नोटीस दिली. नोटीस मिळाल्यावर त्यानं मुलाच्या कोर्सचे निम्मे पैसे परत केले आणि "मिटवून टाका" म्हणाला. आम्ही मिटवलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, अंदमानला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात आमची तक्रार दाखल झाली आहे. ज्यांनी इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी पेजला यूपीआयनं पैसे पाठवले आणि समोरचा गायब झाला, त्यांनी वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार झाली तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

आम्हाला उपयोगी पडलेले कागद म्हणजे ते व्हॉट्सअ‍ॅप पत्रक, पावती, मुलाचा लॅमिनेट केलेला कागद, जाऊबाईंच्या फॉर्मचा फोटो आणि दलालानं डाईव्ह निघायच्या सकाळी ठेवल्याचा मेसेज. मेसेज पुसू नका. या एजंटाकडून आणखी कुणी अंदमानला जाऊन आलं असेल, तर आपली तक्रार स्वतंत्रपणे आयोगात द्या. आणि ज्यांनी पुढच्या सुट्टीसाठी त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांनी उद्याच त्याच्या ऑफिसात जाऊन सेंटरचं नाव, तारीख आणि वेळ लेखी मागा. दिली नाही तर रक्कम परत मागा आणि त्याचीही पोच घ्या.