एफआरआर (साध्या पीसीचा राऊटर बनवणारं सॉफ्टवेअर), आठ महिने वापरून. आणि राऊटरच्या भुतांची गोष्ट

आमचं छोटं वायरलेस इंटरनेट, नऊ टॉवर, सगळीकडे ओएसपीएफ, म्हणजे राऊटर एकमेकांना आपापल्या लिंकच्या नोंदी कळवतात आणि त्या यादीवरून वाटा ठरवतात ती पद्धत. आधी मधोमध एका कंपनीचा लायसन्सवाला राऊटर होता, नाव घेत नाही, त्यात काढून टाकलेल्या राऊटरच्या नोंदी तशाच पडून राहायच्या, रेशनकार्डावर गेलेल्या माणसाचं नाव राहतं ना तसं, वय ३६०० सेकंद, म्हणजे मुदत संपलेली, आणि हलायला तयार नाही. सपोर्टवाले म्हणायचे रीस्टार्ट मारा. मारला की यादी साफ, पुढचा राऊटर काढला की परत तेच.

शेवटी वैतागून जुन्या पीसीवर लिनक्स टाकून एफआरआर बसवलं, २०१७ मध्ये क्वागा नावाच्या जुन्या राऊटिंग सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं, फुकट. (डीमन्स फाइलमध्ये, म्हणजे कुठले भाग चालू ठेवायचे त्या यादीत, ओएसपीएफ चालू करायला विसरू नका, माझी अख्खी दुपार त्यात गेली.) कमांड सिस्कोसारख्याच, त्यामुळे हाताला सवय होती.

महिनाभराने एक टॉवर बंद केला आणि घ्या, इथेही भूत! आता नॉर्मल काय ते सांगतो, प्रत्येक राऊटर आपली नोंद दर १८०० सेकंदांनी ताजी करतो, नाही केली तर ३६०० ला ती बाद, म्हणजे अचानक मेलेला राऊटर तासभर यादीत दिसणारच, शेजारी लिंक गेल्याचं कळवतात म्हणून ट्राफिक तिकडे जात नाही. पण इथे तीन दिवस झाले होते.

शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस मॅक्स-एज मारलं तर फक्त बाद नोंदी समोर आल्या, आणि नेबर, म्हणजे थेट जोडलेले शेजारी राऊटर, बघितले तर एक शेजारी एक्स्चेंजमध्येच, म्हणजे याद्या जुळवायच्या टप्प्यातच अडकलेला. नियमच असा आहे की एकही शेजारी एक्स्चेंज किंवा त्यापुढच्या लोडिंग टप्प्यात असेल तर बाद नोंद पुसायची नाही, कारण तो अजून यादी जुळवतोय. तो बिचारा जन्मभर जुळवत बसला असता, जीआरई टनेलला (दोन राऊटरमधली आभासी लिंक) आमच्याकडे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साईझ, १५०० आणि पलीकडे १४७६! हे आकडे जुळले नाहीत तर याद्या जुळणं अडतं. आमच्याकडे १४७६ केला, शेजारी फुल झाला, म्हणजे यादी पूर्ण जुळली, थोड्या वेळात भुतं गायब.

म्हणजे जुन्या डब्याला दिलेल्या अर्ध्या शिव्या परत घ्याव्या लागतात. अर्ध्याच, कारण रीस्टार्टचा सल्ला देणाऱ्या कुणीच नेबरची यादी मागितली नव्हती.

एफआरआरला पाचपैकी साडेचार. अर्धा कापायचं कारण थोडं अन्यायाचं आहे, एमटीयूचा इशारा ते लॉगमध्ये देतं पण कमी एमटीयूच्या बाजूला, म्हणजे पलीकडच्या टॉवरवर. तिथेही एफआरआरच आहे, आणि तो लॉग आम्ही कधी उघडलाच नव्हता.