खाली की वर? वाशीच्या सिम्युलेटरवर एक तास

एकतीस वर्षं लोकल चालवली, त्यातली शेवटची काही ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरवर. निवृत्त झालो तेव्हा लेकीने वाशीतल्या विमानाच्या सिम्युलेटरचं बुकिंग करून दिलं. "बाबा, आता जरा वर जाऊन या," म्हणाली. शब्द जपून वापरायची सवय तिला नाही.

दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत. त्या आधी उरकतो. बोर्डावर 4,000 आणि बिलात जीएसटीसकट 4,720. तासातली बारा मिनिटं फॉर्म भरण्यात गेली. एसीचं पाणी सीटच्या मागे टपकतं, खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलाय. आणि डाव्या सीटचा हेडसेट खरखरतो.

बाकी कॉकपिट झकास. एअरबस 320 चं, बटणं नुसती शोभेची नाहीत. शिकवणारा पोरगा पंचविशीतला, लायसन्स आहे, नोकरी शोधतोय. गिऱ्हाइकांना तो मुंबईवरून फिरवतो, फोटो काढून देतो. मी म्हटलं, "फोटो राहू दे रे. समोरून दुसरं विमान आलं तर काय करता ते दाखव." पोरगा एकदम खुलला. मागे बसून कंट्रोलर तोच झाला.

मुंबईच्या रनवे 27 वरून उडालो, खाली जुहूचा समुद्र. हुकूम होता 5,000 फुटांवर थांबण्याचा. वर 6,000 वर दुसरं विमान सरळ चाललेलं. मी मिनिटाला तीन हजार फुटांनी चढतोय. 5,000 ला थांबणारच होतो, देवाशपथ! पण स्क्रीनवर त्या विमानाच्या पांढऱ्या शंकरपाळ्याचा पिवळा गोळा झाला, "ट्रॅफिक, ट्रॅफिक" ऐकू आलं, मग गोळ्याचा लाल चौकोन आणि "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ", म्हणजे चढणं थांबव.

"काका, तुम्ही कुठे थांबणार हे टीकॅसला माहीतच नसतं," पोरगा म्हणाला. टीकॅस म्हणजे हवेतली टक्कर टाळणारं यंत्र; ते समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवर आपोआप उत्तर देणाऱ्या डब्याला, विचारतं, उत्तरावरून अंतर आणि उंची काढतं, आणि दोघं असेच चालले तर किती सेकंदांत भिडतील तेवढं मोजतं. म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला 1,500 फुटांच्या आत आणायचा. हे मला चटकन पटलं. पुढच्या लालला थांबणारच आहे म्हणत पिवळा सिग्नल सुसाट ओलांडणाऱ्या मोटरमनचं कोण ऐकून घेईल?

उडाल्या उडाल्याच कोणी आडवं आलं तर, असं विचारलं. जमिनीपासून साधारण 1,000 फुटांच्या खाली हे यंत्र चढा-उतरा सांगतच नाही, म्हणाला. तिथे टॉवर आणि आपले डोळे.

दुसऱ्या खेपेला फजिती झाली. समोरून एक विमान उतरत येतंय. यंत्र ओरडलं, "क्लाइंब, क्लाइंब." त्याच क्षणी खरखरत्या हेडसेटमधून कंट्रोलर: 4,000 ला उतरा. अर्धंच ऐकू आलं, पण हात खाली गेला. जन्मभर कंट्रोलचा शब्द मोडला नाही, तो हात वर कसा जाईल? पोराने चित्र गोठवलं. दोन विमानांत उभं अंतर 90 फूट.

मग त्याने नीट समजावलं. दोन्ही विमानांची यंत्रं आपापसांत ठरवतात: एकाला वर, दुसऱ्याला खाली. कंट्रोलरला त्यातलं काही ठाऊक नसतं. 1 जुलै 2002 ला जर्मनीत युबरलिंगेनवर हेच झालं. रशियन टुपोलेव कंट्रोलरचं ऐकून उतरलं, मालवाहू बोइंग यंत्राचं ऐकून उतरलं. 71 माणसं गेली. आता नियमात गोम नाही: यंत्राने हुकूम दिला की कंट्रोलर बाजूला. पायलट फक्त "टीकॅस आरए", म्हणजे यंत्राचा हुकूम पाळतोय, एवढं म्हणतो आणि "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट", म्हणजे धोका टळला, असं कळवेपर्यंत कंट्रोलर त्याला वळवत नाही.

मला चरखी दादरी आठवलं, 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून नुकतंच उडालेलं सौदी विमान 14,000 वर, कझाक विमानाला 15,000 वर राहायला सांगितलेलं, ते खाली घसरलं. 349 माणसं. त्यानंतर आपल्याकडे हे यंत्र सक्तीचं झालं. पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण हे आकडे त्याला तोंडपाठ.

तिसऱ्या खेपेला ऑटोपायलट काढला, चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या पट्टीवरच्या हिरव्या भागात काटा नेला आणि "टीकॅस आरए" म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला. कंट्रोलर मागून उतरा म्हणत राहिला, मी चढत राहिलो. अंगाला घाम.

पैसे वसूल. जाणाऱ्यांनी हेडसेट आधी बदलून मागा, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. पुढच्या रविवारी माझा जुना गार्ड जातोय. दुसऱ्या खेपेबद्दल त्याला काही सांगितलेलं नाही.