पार्किंगला झिरपणारे पेव्हर की रेन गार्डन?

पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी मुरवायला झिरपणारे पेव्हर (फटींतून पाणी खाली जाऊ देणारे फरसबंदीचे ठोकळे) बरे की रेन गार्डन (पाणी साठून मुरेल असा झाडं लावलेला उथळ खड्डा), असं विचारलंय म्हणून लिहितो. खर्चात बहुतेक वेळा रेन गार्डन स्वस्त, खड्डा, वाळूमिश्रित माती, झाडं, झालं, पेव्हरला मात्र खाली खडीचे थर नीट लागतात, काँक्रीटवर बसवले तर पाणी मुरतच नाही. मेंटेनन्स? पेव्हरच्या फटी गाळाने बुजतात, पावसाळ्याआधी साफ कराव्याच लागतात आणि हे फार कमी लोक करतात, खूप वाईट वाटतं. पहिल्या पावसात वाहून येणारं ऑइल, ब्रेकची धूळ हे पेव्हर आणि रेन गार्डन दोन्ही बऱ्यापैकी अडवतात, पण रेन गार्डनमध्ये शेणखत जास्त पडलं तर त्यातला फॉस्फरस (पाण्यात शेवाळ वाढवणारं पोषकद्रव्य) उलट नदीत जातो, प्लीज जपून घाला. पुण्यात जमिनीखाली बेसॉल्ट (काळा कातळ), मुरणं हळू, त्यामुळे ओव्हरफ्लो पाइप (जादा पाणी बाहेर काढणारा) दोन्हीला हवाच. कडेला मोकळी जागा असेल तर रेन गार्डनच करा, सगळी जागा गाड्यांनी भरलेली असेल आणि साफसफाईची खात्री असेल तरच पेव्हर.