संशोधनात सहभागी व्हायचं, पण कोणत्या? ट्रायल आणि निरीक्षण अभ्यास

आमवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), सोरायसिससोबतचा संधिवात किंवा क्रोन्सचा आजार (आतड्यांचा जुनाट दाह) असलेल्यांना ओपीडीत कधीतरी विचारलं जातं, "आमच्या संशोधनात भाग घ्याल का?" या प्रश्नामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. क्लिनिकल ट्रायलमध्ये तुमच्या उपचारातच बदल होतो. निरीक्षण अभ्यासात चालू असलेले उपचार तसेच राहतात, फक्त तुमची प्रकृती वर्षानुवर्षं नोंदली जाते. सही दोन्हीकडे करावी लागते, पण तिचा भार सारखा नसतो.

आधी औषधाचं बघू. बहुतेक ट्रायलमध्ये नवं औषध कोणाला आणि जुनं किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि बऱ्याचदा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. प्लासिबो म्हटलं की लोक बिचकतात. आमवाताच्या बऱ्याच ट्रायलमध्ये प्लासिबो मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देतात, म्हणजे आठवड्याची मूळ गोळी सुरूच राहते आणि ठरलेल्या आठवड्यांत गुण आला नाही तर दुसरा उपचार दिला जातो. पण सगळ्याच ट्रायल अशा नसतात. काहींत आधीचं औषध बंद करून थांबावं लागतं. आमवातात सांध्याचं हाड एकदा खाल्लं गेलं की ते पूर्ववत होणं कठीण. म्हणून माझ्या मते सर्वांत आधी विचारायचं ते हेच: माझ्या वाट्याला प्लासिबो आला तर कोणतं औषध चालू राहील, आणि दुखणं उसळलं तर किती दिवसांत दुसरं मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नका. निरीक्षण अभ्यासात हा प्रश्नच येत नाही.

मग येरझाऱ्या. ट्रायलच्या सुरुवातीला दर काही आठवड्यांनी बोलावतात आणि तारीख फारशी मागेपुढे करता येत नाही. सकाळी सांधे आखडलेले असताना गोव्यात वाळपईहून किंवा पेडण्याहून कदंबची बस पकडून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचणं सोपं नाही. काजूचा हंगाम, चवथ, घरातलं लग्न यांत तारखा येणार असतील तर आधीच सांगा. प्रवासखर्च मिळतो का, हेही मोकळेपणाने विचारा. निरीक्षण अभ्यासाचं काम बहुतेकदा नेहमीच्या तपासणीच्या दिवशीच उरकतं: एक प्रश्नावली आणि थोडं जास्तीचं रक्त. ते रक्त किती वर्षं साठवणार, त्यावर जनुकीय तपासणी होणार का, एवढं मात्र वाचून घ्या.

ट्रायलमध्ये ट्रायलचं औषध आणि तपासण्या मोफत असतात. बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) इंजेक्शनं परवडत नाहीत अशा घरांना याची ओढ वाटणारच, आणि त्यात काही गैर नाही. मात्र ट्रायल संपल्यावरही ते मिळत राहील असं धरून चालू नका. 2019 च्या केंद्रीय नियमांत तशी तरतूद आहे, पण डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मान्यता आणि दुसरा उपचार उपलब्ध नसणं अशा अटींवर. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईही याच नियमांत आहे.

ट्रायल ठरावीक काळाची असते, आजार मात्र जन्मभराचा. त्यामुळे काही धोके औषध बाजारात आल्यावरच दिसतात. इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक बाजारात आल्यावर ते घेणाऱ्यांपैकी 70 जणांना क्षयरोग झाल्याची नोंद 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. आज अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छुपा क्षयरोग तपासतात तो त्यातूनच. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बायोलॉजिक घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांची दीर्घकालीन नोंदवही सुरू झाली. निरीक्षण अभ्यासात तुमच्या हाती लगेच काही पडत नाही हे खरं, पण पुढच्या रुग्णाला त्याचा फार मोठा आधार होतो.

मूल हवं असलेल्या स्त्रियांसाठी हा फरक अधिकच महत्त्वाचा. ल्युपस मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो, आणि नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये गर्भवतींना सहसा घेत नाहीत, गर्भनिरोधक वापरण्याची अटही असते. गरोदरपणात कोणतं औषध चालतं याची बरीचशी माहिती निरीक्षणातूनच आली आहे. मूल हवं असलेल्यांनी निरीक्षण अभ्यास निवडावा, असं मी ठामपणे म्हणेन.

आजार सध्याच्या गोळ्यांवर आटोक्यात असेल तरीही माझा कौल त्याच बाजूला. चांगली बसलेली घडी ट्रायलसाठी मोडू नका. मात्र दोन-तीन औषधं करून झाली, स्टिरॉइड सुटत नाही आणि महागडी इंजेक्शनं आवाक्याबाहेर, अशी स्थिती असेल तर ट्रायलचा विचार जरूर करावा. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

माहितीपत्रक मराठीत किंवा कोकणीत मागून घरी न्या, घरच्यांसमोर वाचा. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक त्यावर शोधा. तो त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. रात्री ताप भरला तर कोणाला कळवायचं तो फोन नंबरही त्यावर असायला हवा. सही करण्याआधी तो एकदा लावून बघा.