वर्षभर आरओ वापरल्यावर: तक्रार पाण्याची नाही, मागच्या नळीची

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आमच्या आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनची, धार करंगळीएवढीही राहिली नाही. सर्व्हिसवाला आला आणि झाकणही न उघडता म्हणाला, "ताई, मेंब्रेन गेला. अडीच हजार."

मेंब्रेन म्हणजे क्षार अडवणारा आतला बारीक पडदा. मी टीडीएस मीटर लावला, तो लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगतो. नळाचं पाणी 70, आरओचं 8. मेंब्रेन फाटला असता तर क्षार पलीकडे सुटून आकडा चढला असता. मग म्हणे, तुंबलाय. अरे, पण पंप का कण्हतोय? पाणी आपणहून क्षारांच्या बाजूला ओढलं जातं, त्याला उलट रेटायला दाब लागतो, आणि तो देतो पंप. शेजारच्या इलेक्ट्रिशियननं चारशे रुपयांत पंपाला वीज पुरवणारा अडॅप्टर बदलला, धार सुरू.

आता खरं दुखणं. एक लिटर पाणी मिळवायला मागच्या नळीतून जवळपास तीन लिटर बाहेर. मेंब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून ते सोडावंच लागतं, मान्य. पण बादलीतलं ते पाणी मोजलं तर 90! पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 500 आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही 500 च्या आत आरओ नको असंच म्हटलं होतं. आणि मी गोव्यात फोंड्याला, ओपाच्या जलप्रकल्पातून येणाऱ्या गोड्या पाण्यावर हा खेळ चालवतेय. बादल्या फरशीला आणि भांड्यांना वापरते. पिण्यासाठी नाही, कारण मीटर जंतू मोजत नाही.

विकूनच टाकणार होते. मग पावसात पहिला फिल्टर उघडला, तर पांढरी कांडी चॉकलेटी झालेली! ते गढूळ पाणी आम्ही प्यायलो असतो. पण थांबा, ही करामत आरओची नाही, शे-दोनशेच्या कांडीची. जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पुरतो, आणि त्याला मागची नळीच नसते.

चोडणला आतेकडे मात्र विहीर मे महिन्यात मचूळ होते, चहासुद्धा खारट लागतो. तिथं कांडी आणि यूव्ही काय करणार? विरघळलेलं मीठ त्यांना अडवता येत नाही. मशीन तिच्याकडे पाठवतेय, नव्या अडॅप्टरसकट. चारशे रुपये मात्र वसूल करणार.