निळा ‘रेसिंग’ टायमिंग बेल्ट: पैसे गेले, व्हॉल्व्ह वाकले, तुम्ही सांभाळा

ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीच्या, गाडीला ‘स्पेशल’ टायमिंग बेल्ट घालायच्या विचारात असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. दुकान पुण्यातलं, माल कुरिअरने कोल्हापूरला आलेला, एवढं पुरे.

गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटर, कंपनीतून 106 हॉर्सपॉवर, आपल्याकडच्या ड्रॅगवाल्यांची जुनी लाडकी. हिला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे खालच्या क्रँकच्या फिरण्यावर वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा दातेरी पट्टा. 2003 नंतरच्या सिटीला चेन आली. त्यामुळे चांगला बेल्ट शोधणं हीच डोकेदुखी, आणि त्या डोकेदुखीवरच काही लोकांचं दुकान चालतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा व्हॉल्व्हचा भाग, फेसिंगला (खालची बाजू घासायला) दिलं, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून अर्धा मिलिमीटर उतरवलं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक टाकल्या. स्प्रिंग कडक म्हटल्यावर कॅम फिरवायला जोर जास्त, आणि तो सगळा जोर बेल्टच्या दातांवर. त्यात ड्रॅगला रेव्ह चढवून क्लच सोडला की क्रँकला एकदम झटका बसतो, गिअर बदलताना परत तेच. म्हणून ‘तुम्हाला साधा बेल्ट चालणार नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. आला तो निळा बेल्ट, पाठीवर परदेशी कंपनीचं नाव, सीलबंद खोका. साडेसहा हजार.

आमचे अण्णा म्हणजे या इंजिनातले जुने मिस्त्री. क्रँकची पांढरी खूण काट्यासमोर, कॅम पुलीवरचं ‘अप’ वर, बाजूच्या दोन खाचा हेडच्या पातळीत, सगळं रीतसर लावून बेल्ट चढवला. कॅम पाव दात मागे. बेल्ट एक दात सरकवला तर कॅम पाऊण दात पुढे. काढला, परत चढवला, तेच.

“आरं, मधी कुठं बसायचं म्हणतोय ह्यो?” अण्णा म्हणाले.

दुकानदाराला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “साहेब, हेड घासलंय का?” हो म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. “मग असंच होणार. त्याला अ‍ॅडजस्टेबल कॅम पुली लागते.” म्हणजे कॅम थोडा पुढे-मागे करता येणारी पुली. नऊ हजार.

आता गंमत बघा, तो खोटं बोलत नव्हता. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, ताणाच्या बाजूचा बेल्ट लांब पडतो आणि कॅम मागे राहतो. हे कुठलाही ट्यूनर सांगेल. प्रश्न किती मागे याचा आहे, आणि ते त्याने विचारलंच नाही. मोटारींच्या टायमिंग बेल्टला दोन दातांमधलं अंतर बहुतेक 8 किंवा 9.525 मिलिमीटर असतं. म्हणजे पाव दात झाला दोन ते सव्वादोन-अडीच मिलिमीटर. आम्ही हेड उतरवलं होतं अर्धा. उरलेलं कुठून आलं? हा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर होतो, आणि धंद्यात मुरलेल्या माणसाला तो येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

नवी पुली लावली आणि खुणा जुळल्या. इथेच खरी मेख आहे. अ‍ॅडजस्टेबल पुली बेल्टमधला दोष दुरुस्त करत नाही, झाकते. कॅम जागेवर आला, इंजिन सुरू झालं, ओढही बरी लागली. बेल्टवरचा संशय मात्र तिथेच मिटला, आणि दुकानदाराला तेच हवं होतं.

मग आवाज सुरू झाला. तीन हजाराच्या वर बारीक घरघर, कव्हरला हात लावला की कळायची. “टेन्शनरची स्प्रिंग ढिली असणार,” फोनवरून निदान. हेही खरं असू शकतं. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, आणि या इंजिनात तो ताण स्प्रिंगच देते: बोल्ट सैल करायचा, क्रँक घड्याळाच्या विरुद्ध दिशेने कॅम पुली तीन दात सरकेपर्यंत फिरवायचा आणि बोल्ट आवळायचा. अण्णांनी नेमकं तसंच केलं होतं. तरी नवा टेन्शनर त्याच्याकडूनच आला. आवाज जसाच्या तसा. कव्हर उघडलं तर आत काळा-निळा भुसा, आणि बेल्ट पुलीच्या एका कडेला सरकून चाललेला.

फोटो पाठवले. आता दोष मिस्त्रींचा निघाला. “त्यांनी लाल खुणेवर लावलं असेल.” लाल खूण इग्निशनची, पांढरी टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची, आणि नवखा माणूस तिथे चुकतो, हेही खरं. पण अण्णांसमोर हे वाक्य उच्चारायला मला लाज वाटली. ते फोन ऐकत होते. त्यांनी तंबाखू थुंकली आणि काही बोलले नाहीत.

शेवटचं कारण सगळ्यात भारी होतं. “तुमच्या गाडीत कुणीतरी 1600 चा ब्लॉक टाकलाय. डेक पाच मिलिमीटर उंच असतो.” होंडाच्या डी सिरीजमध्ये दीड लिटरच्या ब्लॉकची डेक उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतचं अंतर, 207 आणि 1600 ची 212 मिलिमीटर, हे खरंच आहे, हेड एका इंजिनाचं आणि ब्लॉक दुसऱ्याचं जोडणाऱ्यांना बेल्ट जुळवताना याचा ताप होतो. पण ब्लॉक उंच असेल तर कॅम क्रँकपासून लांब जाईल, बेल्ट ताठ बसेल आणि कॅम पुढे जाईल. आमचा कॅम मागे होता. म्हणजे त्याचं चौथं कारण पहिल्या कारणाच्या बरोबर उलट. एकाच बेल्टला एकदा सैल म्हणायचं आणि एकदा ताठ!

तोवर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची, शर्यत तोंडावर आली होती. सुटका चांगली झाली, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना खाडकन आवाज आणि इंजिन बंद. या इंजिनात टायमिंग सुटलं की पिस्टन व्हॉल्व्हला भेटतोच. हेड काढलं, वाकलेले व्हॉल्व्ह दिव्याशिवाय दिसत होते. हेड निघालंच होतं म्हणून पिस्टनचा स्ट्रोकही, म्हणजे त्याची वर-खाली धाव, मोजला: 84.5 मिलिमीटर. दीड लिटरचाच ब्लॉक. 1600 ला 90 असतो.

मग अण्णांनी गाडीतून पूर्वी काढलेला कंपनीचा बेल्ट आणला आणि निळ्या बेल्टची धड राहिलेली बाजू त्याच्याशेजारी बाकावर अंथरली. पहिले दात समोरासमोर धरले. दहाव्या दाताला किंचित फरक, पंचविसाव्याच्या आसपास सरळ पाव दात. वापरून काढलेला बेल्ट कमी लांब आणि नवा जास्त! चांगल्या बेल्टच्या आतले काचतंतूंचे दोर ताणत नाहीत, त्यासाठीच ते घातलेले असतात. रुंदीला व्हर्नियर लावला तर एका ठिकाणी पाऊण मिलिमीटर कमी. कड हाताने कापलेली, बेल्ट एका बाजूला का पळत होता ते कळलं. शेवटी अण्णांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून पाठीवर फिरवला. कंपनीचं नाव गेलं, मग निळा रंग गेला. खाली साधा काळा रबर आणि दुसऱ्याच कुठल्या बेल्टच्या कोडची पुसट अक्षरं.

दुकानदाराचं उत्तर: “रेसिंग पार्टला वॉरंटी नसते साहेब.” चिठ्ठी कच्ची, तिच्यावर ‘बेल्ट 1 नग’ एवढंच. पैसे यूपीआयने गेले होते आणि बोलणं बरंचसं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं होतं, त्याचाच आता आधार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. ज्या कंपनीचं नाव छापलं होतं तिलाही फोटो पाठवलेत.

ड्रॅगच्या इंजिनात बेल्ट न जुळायला शंभर खरी कारणं असतात, म्हणून नकली माल विकणाऱ्याला हे गिऱ्हाईक सोपं. त्याला कारण बनवावं लागत नाही, निवडावं लागतं. कोणी कारण सांगितलं की एकच विचारा: किती मिलिमीटर? हेड फेसिंगवाल्याकडून उतरवलेला आकडा लिहून घ्या. पुली विकत घेण्याआधी नवा बेल्ट जुन्याला दाताशी दात लावून बघा, त्यासाठी काढलेला बेल्ट फेकू नका. बेल्टच्या पाठीवरच्या कोडमध्ये सहसा दातांची संख्या, दाताच्या आकाराची अक्षरं आणि रुंदी असते. दात स्वतः मोजा, रुंदी चार ठिकाणी मोजा. आणि थिनरचा बोळा कव्हर बंद करायच्या आधी फिरवा. आमच्यासारखा हेड काढल्यावर नको.